पंडित भातखंडे आणि सुरांची सोयरीक



गतवर्षीं आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या वर्गाचा निरोपसमारंभ झाला. त्या प्रसंगाची एक लहानशी गोष्ट सांगून मी या चरित्रास आरंभ करतों. समारंभाच्या अखेरीस आपल्या गायकवृंदानें 'अमेझिंग ग्रेस' हें सर्वश्रुत इंग्रजी उपासनागीत म्हटलें. मंडळी पांगूं लागली, तेव्हां इंदिरानगरांतील एका गायनवर्गास जाणारा आठवीचा एक विद्यार्थी पेटीपाशीं येऊन उभा राहिला आणि हें गीत आपल्या भूप रागांतलें आहे, असें मोठ्या खात्रीनें सांगूं लागला. त्यानें पेटीवर पांच स्वर वाजवून दाखविले. गीताची सारी चाल खरोखरच त्या पांच स्वरांत सामावलेली होती. हें पाहून दुसऱ्या एका मुलानें तेथल्या तेथें निकाल दिला कीं, कोणीतरी कोणाची तरी चाल चोरली असली पाहिजे. लागलीच दोन तट पडले. इंग्रजांनीं आपली चाल नेली म्हणणारे एका बाजूस, आणि आपण त्यांची घेतली म्हणणारे दुसऱ्या बाजूस. निवाड्यासाठीं तीं मुलें माझ्याकडे आलीं.

मीं त्या वेळीं हा केवळ योगायोग आहे असें सांगून त्यांची बोळवण केली. घरीं गेल्यावर मला माझ्या उत्तराची लाज वाटली. ज्या प्रश्नाचा विचार करण्यांत एका विद्वान् पुरुषानें आपलें सारें आयुष्य वेंचिलें, तो प्रश्न एका शब्दांत उडवून देण्याचा मला काय अधिकार होता? दोन गाणीं सारखीं कां वाटतात, तीं कोठवर सारखीं असतात, आणि सारखीं असूनही तीं निराळीं कशानें ठरतात, हें आपल्या देशांत ज्यानें अत्यंत चिकाटीनें शोधून काढलें, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची ओळख करून देऊन मी त्या मुलांचें देणें आज फेडीत आहें.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजीं मुंबईंत वाळकेश्वर येथें झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. घरांत संगीताची आवड होती. शाळेंत असतांना विष्णु बांसरी वाजवूं लागला, व पुढें त्याला सतारीचा नाद लागला. सतारीचे त्याचे गुरु वल्लभदास दामुलजी हे होते. त्या काळीं पांढरपेशा कुटुंबांतील मुलानें गाण्याबजावण्यांत मन घालावें, हें लोकांस फारसें रुचत नसे. गवयाची संगत म्हणजे बिघडण्याची वाट, अशी पुष्कळांची समजूत होती. या मुलानें मात्र एक हातीं सतार व दुसऱ्या हातीं पुस्तक धरलें, आणि दोहोंपैकीं एकही सोडलें नाहीं. एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८५ सालीं ते बी. ए. झाले व १८८७ सालीं त्यांनीं कायद्याची पदवी मिळविली. कांहीं काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनीं वकिली केली.

हें कायद्याचें शिक्षण त्यांच्या पुढील कार्यास फार उपयोगीं पडलें. साक्षीपुरावा तपासल्यावांचून निकाल देऊं नये, एकाच साक्षीदारावर विसंबूं नये, आणि प्रतिपक्षाचें म्हणणेंही लिहून ठेवावें, ही वकिलाची संवय त्यांनीं संगीताच्या प्रांतांत नेली. त्या प्रांतांत तोंवर तिची मोठी वाण होती.

मुंबईंतील पारशी गृहस्थांनीं १८७० सालीं गायन उत्तेजक मंडळी नांवाची संस्था स्थापन केली होती. भातखंडे १८८४ सालीं तिचे सभासद झाले. तेथें येणाऱ्या गुणी लोकांपाशीं बसून ते गाणें शिकले. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनीं शेंकडों ध्रुपदें घेतलीं, आणि अली हुसेन व विलायत हुसेन या खांसाहेबांकडून ख्याल घेतले. संस्था पारशांची, एक गुरु हिंदु, दुसरे मुसलमान, आणि शिष्य इंग्रजी शिकलेला वकील. ज्या विद्येसाठीं ही मंडळी एकत्र आली, ती कोणा एका पंथाची नव्हती. ही गोष्ट या तरुणाच्या मनावर तेव्हांच ठसली असली पाहिजे, कारण पुढें त्यानें विद्येसाठीं कोणाचीही पायरी चढण्यांत कमीपणा मानला नाहीं.

परंतु जसजसें शिक्षण वाढलें, तसतसा त्यांच्यापुढें एक पेंच उभा राहिला. एक उस्ताद एखादा राग एका रीतीनें गाई; दुसऱ्या घराण्याचे उस्ताद त्याच नांवाचा राग निराळ्या रीतीनें गात. कधीं दोन निराळ्या नांवांचे राग ऐकावयास एकच वाटत. कारण विचारावें, तर आमच्या वडिलांनीं असेंच शिकविलें, एवढेंच उत्तर मिळे. मग त्यांनीं जुने संस्कृत ग्रंथ उघडले. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हा त्यांतील मुकुटमणि होय. देवगिरी म्हणजे आजचें दौलताबाद. आपल्या नाशिकपासून एका दिवसांत जाऊन येण्याजोगें हें ठिकाण. पण त्या ग्रंथांत वर्णिलेलें संगीत आणि मुंबईच्या बैठकींत कानांवर पडणारें संगीत यांचा मेळ बसेना. सहा शतकांत गाणें पुष्कळ पुढें निघून गेलें होतें आणि शास्त्र मागेंच राहिलें होतें.

याहून मोठी चिंता निराळीच होती. उस्तादांची विद्या त्यांच्या कंठांत होती; ती कागदावर नव्हती. एक गवई निवर्तला म्हणजे त्याच्याबरोबर शेंकडों चिजा मातींत जात. आणि गवई त्या सहजासहजीं देतही नसत. आज आपण त्यांना कृपण म्हणूं, पण तें न्याय्य होणार नाहीं. चीज हीच त्यांची शेतीवाडी होती. राजाश्रय गेला तर तिच्यावर पोट चाले. मुलीच्या लग्नांत चिजा आंदण दिल्याच्या गोष्टीही त्या घराण्यांतून सांगत असत. आपलें धन परक्याच्या वहींत उतरावें, हें कोणाला आवडेल? भातखंडे यांना एकीकडे ती विद्या वांचवावयाची होती, आणि दुसरीकडे जिचें रक्षण करावयाचें, ती तिच्या धन्याच्याच हातून मागून घ्यावयाची होती. हें काम किती अवघड, तें सांगावयास नको.

याच सुमारास त्यांच्या संसारावर घाला पडला. १९०० सालीं पत्नी वारली, आणि १९०३ सालीं एकुलती कन्याही गेली. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या या गृहस्थास घर म्हणून कांहीं उरलें नाहीं. दुःखानें माणसें एक तर आंत मिटतात, नाहीं तर बाहेर पडतात. भातखंडे बाहेर पडले. १८९६ सालीं त्यांनीं गुजरातकडे एक प्रवास केलेलाच होता. आतां १९०४ सालीं ते दक्षिणेस गेले, १९०७ सालीं नागपूर, हैदराबाद, विजयानगरम्, कलकत्ता व जगन्नाथपुरी या बाजूस गेले, आणि १९०८ सालीं उत्तरेंत अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदेपूर अशीं ठिकाणें त्यांनीं पालथीं घातलीं. जेथें जात तेथें ग्रंथसंग्रह पाहात, गवयांना भेटत, प्रश्नांची यादी पुढें ठेवीत, आणि रात्रीं बिऱ्हाडीं येऊन दिवसाची हकीकत रोजनिशींत लिहून काढीत.

दक्षिणेच्या प्रवासांत त्यांना एक नवी दृष्टि लाभली. एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षित हे वृद्ध पंडित राहात असत. दक्षिणी संगीताचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०४ सालींच प्रसिद्ध झाला होता. त्यांची भेट झाली, आणि सतराव्या शतकांतील व्यंकटमखी या पंडितानें केलेली बहात्तर मेलांची मांडणी भातखंडे यांनीं समजून घेतली. मेल म्हणजे सात स्वरांचा सांचा. कोणता स्वर शुद्ध, कोणता कोमल, कोणता तीव्र, हें ठरलें म्हणजे एक मेल झाला. मग त्यांतून अनेक राग निघतात. हा प्रवास करतांना त्यांना पदोपदीं एक मौज दिसली. आपला भूप तेथें मोहनम् म्हणून नांदत होता, मालकंस हिंदोळम् झाला होता. उलट तोडी हें नांव ऐकून कान टवकारावे, तर दक्षिणेची तोडी आपल्या भैरवीच्या स्वरांत निघे. नांव एक, पण रूपें दोन; रूप एक, पण नांवें दोन. नांवावरून नातें ठरवूं नये, हा धडा त्यांस तेथें मिळाला.

उत्तरेंत आल्यावर त्यांनीं चिजांचा संग्रह जोरानें चालविला. जयपूरच्या महंमद अली खां कोठीवाल यांच्या घराण्याकडून, विशेषतः त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून, त्यांना सुमारें तीनशें चिजा मिळाल्या. रामपूरच्या दरबारांत तानसेनाच्या परंपरेचे वझीर खां होते. तेथील ध्रुपदें मिळावीं म्हणून भातखंडे यांनीं रामपूरचे नबाब हमीद अली खां यांचा गंडा बांधून त्यांचें शिष्यत्व पत्करलें. वय झालेलें, विद्वत्तेचा लौकिक झालेला, ग्रंथ प्रसिद्ध होत असलेले. अशा स्थितींत पुन्हां हातांत गंडा बांधून घेणें आणि विद्यार्थी म्हणून बसणें, यास निराळ्याच प्रकारचें मोठेपण लागतें.

आतां त्यांच्या कामाची पद्धति पाहूं. कारण आपल्या मुलांच्या प्रश्नाचें उत्तर तिच्यांतच आहे. एकाच रागाच्या जितक्या चिजा मिळतील तितक्या ते जमवीत. कांहीं ग्वाल्हेरच्या, कांहीं जयपूरच्या, कांहीं रामपूरच्या. त्या स्वरलिपींत उतरवून शेजारीं शेजारीं मांडीत. मग प्रत्येकींत पुन्हां पुन्हां येणारे स्वरसमूह कोणते, गाणें कोठें विसावतें, कोणता स्वर वारंवार व ठांसून येतो, चढतांना कोणता स्वर गाळला जातो आणि उतरतांना कोणता वळसा घेऊन येतो, हें पाहात. जें सर्वांत समान निघे, तें त्या रागाचें लक्षण. जें एखाद्याच घराण्यांत आढळे, तें मतभेद म्हणून टिपून ठेवीत, टाकून देत नसत. गाण्यांतील सारखेपणा हा त्यांच्या दृष्टीनें आरोप नव्हता, पुरावा होता. निरनिराळ्या गांवच्या, निरनिराळ्या शब्दांच्या, निरनिराळ्या कर्त्यांच्या चिजा एकमेकींशीं मिळत्या निघतात, तेव्हां त्यांच्या मागें एक सामाईक वडील उभा असतो. त्या वडिलांचें नांव राग.

याचें एक उदाहरण घेऊं. भूप आणि देशकार हे दोन राग. दोहोंचे स्वर तेच पांच: सा, रे, ग, प, ध. मध्यम व निषाद दोहोंतही वर्ज्य. पेटीवर नुसते स्वर दाबले तर दोहोंत तिळमात्र फरक दिसणार नाहीं. पण भूपाचा जीव गंधारावर. तो सप्तकाच्या खालच्या अर्धांत रमतो आणि सायंकाळनंतर गातात. देशकाराचा जीव धैवतावर. तो वरच्या अर्धांत खेळतो आणि सकाळीं गातात. दुसरें उदाहरण मारवा, पूरिया आणि सोहनी यांचें. तिहींत ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम मुळींच नाहीं. बाकीचे स्वर शुद्ध. तरी मारवा ऋषभ व धैवत यांवर ताठ उभा राहतो, पूरिया खालच्या सप्तकांत गंभीरपणें उतरतो, आणि सोहनी वरच्या षड्जाभोंवतीं चमकत राहते. एकाच आईच्या तीन लेंकरांचीं नाकेंडोळे सारखींच असतात. पण त्यांची चाल पाहिली कीं दुरूनही ओळख पटते. आपल्या भाषेंत गाण्याच्या वळणालाही चाल म्हणतात आणि माणसाच्या चालण्यालाही चाल म्हणतात, हें किती यथार्थ आहे!

असे शेंकडों राग तपासून भातखंडे यांनीं त्यांची दहा थाटांत विभागणी केली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट. गायनवर्गांतील मुलें आज हीं नांवें पाढ्यांसारखीं म्हणतात. त्या नांवांच्या मागें किती रात्रीं जागल्या आहेत, याची त्यांना कल्पना नसते.

हें सारें त्यांनीं ग्रंथरूपानें जगापुढें मांडलें. १९१० सालच्या सुमारास 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ निघाला. त्यावर कर्त्याचें नांव चतुरपंडित असें होतें. त्याच सुमारास मराठींत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपानें लिहिलेल्या या ग्रंथाचे चार भाग झाले, आणि चवथा १९३२ सालीं निघाला. उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचें एवढें विस्तृत विवेचन प्रथम आपल्या मराठी भाषेंत झालें, याचा आपणांस अभिमान वाटावा. मिळविलेल्या चिजा त्यांनीं 'क्रमिक पुस्तकमालिका' या नांवानें छापल्या. तिचे सहा भाग आहेत; शेवटचे दोन त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. अठराशेंहून अधिक चिजा त्यांत आहेत. उस्तादांच्या पेटाऱ्यांत कुलूपबंद असलेलें धन अशा रीतीनें कोणाही गरीब मुलाला चार पैशांत मिळूं लागलें.

त्यांची स्वरलिपि अगदीं सोपी आहे. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकासाठीं खालीं टिंब, वरच्यासाठीं वर टिंब. समेला फुली व खालीला शून्य. एवढ्या खुणांवर काम भागतें. साध्या छापखान्यांतही जुळवितां येईल आणि दहा वर्षांच्या मुलालाही वाचतां येईल, असें तिचें स्वरूप आहे.

नुसते ग्रंथ लिहून विद्या जगत नाहीं, हेंही त्यांनीं ओळखलें होतें. १९१६ सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यापुढें त्यांनीं उत्तरेकडील संगीताचा ऐतिहासिक आढावा वाचला. गवई व पंडित एका मांडवांत बसून वाद करूं लागले, हीच त्या काळीं नवलाची गोष्ट होती. पुढें दिल्ली, काशी व लखनौ येथें अशा परिषदा झाल्या. १९१८ सालीं ग्वाल्हेरास माधव संगीत विद्यालय निघालें, आणि १९२६ सालीं लखनौस मॅरिस कॉलेज उघडलें. तेंच आज भातखंडे यांच्या नांवाचें विश्वविद्यालय झालें आहे. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनीं त्या कॉलेजाचें प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळून गुरूचें कार्य चालविलें.

नाशिककरांना येथें दुसऱ्या एका विष्णूची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर हे भातखंडे यांचेच समकालीन. १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि उत्तरायुष्यांत ते आपल्या नाशकांत आश्रम स्थापून राहिले. त्यांचीही स्वरलिपि होती, त्यांचेंही शिष्यमंडळ होतें. दोघांचे मार्ग भिन्न. पलुस्करांनीं कंठानें व भक्तीनें गाणें घरोघर नेलें. भातखंडे यांनीं लेखणीनें त्याचा पाया शोधिला. दोघांचेही ऋण मान्य करणें हेंच आपणांस शोभतें.

चरित्रलेखकानें थोरांचे दोष झांकूं नयेत. भातखंडे यांच्या दहा थाटांत कांहीं राग नीट बसत नाहींत. ते ओढूनताणून बसविल्यासारखे वाटतात, असा आक्षेप अनेक जाणत्यांनीं घेतला आहे, आणि त्यांत तथ्य आहे. त्यांच्या स्वरलिपींत स्वर सांपडतो, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड आणि स्वराचा कंप पुरते सांपडत नाहींत. गुरूचा कंठ शेवटीं लागतोच. आणि ज्या उस्तादांपासून त्यांनीं विद्या घेतली, त्यांतील कित्येकांच्या अशिक्षितपणाविषयीं त्यांनीं आपल्या लेखनांत कठोर उद्गार काढले आहेत. ज्याला लिहितां येत नाहीं, त्याला शास्त्र कळत नाहीं, असें वाटणें ही शिकलेल्या माणसाची जुनी चूक आहे. आम्हां शिक्षकांच्या हातून ती रोज होते. म्हणून ती त्यांच्या चरित्रांत दिसली, तर आपण दगड उचलण्यापूर्वीं आपले हात पाहावे.

१९३३ सालीं त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढील तीन वर्षें अंथरुणावर गेलीं. ज्या माणसानें अर्धा हिंदुस्थान पायांखालीं घातला, त्याला कूस बदलावयास दुसऱ्याचा हात लागे. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं, त्यांचें देहावसान झालें. संतति मागें राहिली नव्हती. तथापि आज हिंदुस्थानांत ज्या ज्या घरीं एखादें मूल पेटीपुढें बसून यमनाचे स्वर गिरवितें, त्या त्या घरीं त्यांचें कुळ नांदत आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. भारत सरकारनें १९६१ सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

आतां पुन्हां त्या निरोपसमारंभाकडे वळूं. त्या उपासनागीताचे शब्द जॉन न्यूटन या इंग्रज धर्मोपदेशकानें अठराव्या शतकांत लिहिले. आज म्हणतात ती चाल त्यास अमेरिकेंत १८३५ सालीं विल्यम वॉकर यानें जोडली. मूळ चालीचा कर्ता अज्ञात आहे. तिचे स्वर भूपाचेच, यांत संशय नाहीं. त्याच पांच स्वरांत स्कॉटलंडचें 'ऑल्ड लँग साइन' हें निरोपाचें गाणें आहे. ही स्कॉटलंडची चाल जपानी लोकांनीं १८८१ सालच्या आपल्या शालेय गीतसंग्रहांत घेतली, तिजवर 'होतारू नो हिकारी' हें आपलें गीत रचलें, आणि तेंही तेथील शाळांतून निरोपाच्याच वेळीं म्हणूं लागले. सप्तकांतील चौथा व सातवा स्वर गाळलेल्या या स्वरमालेस ते योनानुकी म्हणतात. त्यांच्या मागील पिढ्यांचीं पुष्कळ लोकप्रिय गाणीं या मालेवर बेतलेलीं असल्यामुळें एकमेकांसारखीं वाटतात, आणि आपल्या कानाला कधीं कधीं भूपासारखींही वाटतात. जपाननें स्कॉटलंडची चाल घेतली, हें उघड आहे. ती त्यानें राजरोस घेतली. पण भूप कोणी कोठून नेला, असें म्हणण्यास पुरावा नाहीं. पांच स्वरांचें हें झाड अनेक देशांत आपोआप उगवलें आहे.

भातखंडे यांच्या रीतीनें पाहिलें, तर येवढ्यावर थांबतां येत नाहीं. स्वर मिळाले म्हणजे राग मिळाला, असें नव्हे. त्या उपासनागीतांत सूर सा वरून ग वर उडी घेऊन लगेच परततो, तीन मात्रांच्या हेलकाव्यावर चालतो, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटीं वरच्या पंचमावर जाऊन थांबतो. भूप गाणारा गंधारावर रेंगाळतो, धैवतावरून मींडेनें पंचमास व पंचमावरून गंधारास येतो, आणि मग हळूच ऋषभावरून घरीं उतरतो. घर एकाच दगडविटांचें, पण बांधणी निराळी. तेव्हां, माझ्या मुलांनो, आपल्या आठवीच्या मित्राचा कान खरा होता. पण त्याचें वाक्य अर्धेंच होतें. आणि चोरीचा निकाल देणाऱ्यानें साक्षीदार तपासलेच नव्हते. योगायोग म्हणून मोकळा झालेला तुमचा शिक्षक तर त्याहूनही घाईचा ठरला.

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींत हा प्रश्न केवळ गाण्याचा नाहीं. नाशकांत ज्यांचें बालपणीं शिक्षण झालें, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व ओवी या देशी छंदांत प्रभूचें गुणगान केलें, तेव्हां ज्या वळणावर इतर भक्त गातात त्या वळणावर आपण गावें काय, अशी शंका कांहींच्या मनांत येई. आजही ती कधीं कधीं ऐकूं येते. मला वाटतें, स्वरांवर कोणाची मालकी नाहीं. ज्यानें पांच बोटें दिलीं त्यानेंच पांच स्वर दिले. चाल सारखी असली म्हणून भक्ति उसनी होत नाहीं, आणि भक्ति निराळी असली म्हणून चालीचें नातें तोडावें लागत नाहीं.

तेव्हां यापुढें दोन गाणीं सारखीं वाटलीं, तर लगेच चोर शोधूं नका. दोन्हीं शांतपणें पुन्हां ऐका. काय सारखें आहे तें लिहा. काय निराळें आहे तेंही लिहा. ज्याच्यापासून शिकावयाचें तो कोणत्या घरचा आहे हें न पाहतां त्याच्यापुढें विनयानें बसा. पंडित भातखंडे यांनीं आयुष्यभर एवढेंच केलें. पेटी आपल्या सभागृहांत आहे, आणि तिची किल्ली माझ्यापाशीं आहे. ज्याला भूप व देशकार यांतील भेद ऐकावयाचा असेल, त्यानें मधल्या सुट्टींत खुशाल यावें.